मागच्या जिन्याचे सप्रेकाका

सप्रेकाकांना बरोबर घेऊन कुठेही जाऊ नये, हे दुर्गाघाटावरच्या आम्हा सगळ्या मराठी घरांना चांगलं माहीत होतं. तरीही कुणी ना कुणी त्यांना न्यायचंच. माणूस वडीलधारा, बोलणं सभ्य, धोतर-सदरा स्वच्छ, आणि काशीत जन्मून पान न खाणारा. समारंभात असा माणूस शोभतो असं लोकांना वाटायचं, आणि मग लोक पस्तावायचे.

कारण सप्रेकाका कुठेही गेले की आधी यजमानाकडे पाहायचे नाहीत. दारात उभे राहून खोलीभर नजर फिरवायचे, छत्रीचं टोक जमिनीवर टेकवायचे आणि विचारायचे, "आणि दुसरी वाट कोणती?"

"कसली वाट?" यजमान विचारायचा.

"बाहेर जायची. ही एक झाली. ही बंद पडली तर?"

आता सत्यनारायणाला आलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं? यजमान हसून वेळ मारून न्यायचा. काका मात्र उत्तर मिळेपर्यंत बसायचे नाहीत. मिळालं की दाराजवळची जागा धरायचे आणि प्रसाद तिथेच मागवायचे. सप्रेकाकू सांगायच्या, "आमच्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, आणि हे अंतरपाटाच्या वरून मांडवाची मागची कनात सुटी आहे की बांधलेली ते बघत होते. मला वाटलं, मुलीचा बाप पळून जातोय."

मी या माणसाला दोन्हीकडून भोगलं. घरी ते आमचे समोरचे शेजारी, आणि ऑफिसात आमचे हेडक्लार्क. नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, "बरं झालं, सप्रे आहेत तिथे, लक्ष ठेवतील." ठेवलं. माझ्यापेक्षा माझ्या टेबलावर जास्त ठेवलं. माझं टेबल वाटेत चार बोटं पुढे आलं होतं म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते रामलखनकडून, म्हणजे आमच्या शिपायाकडून, दोनदा मागे सरकवलं. तिसऱ्यांदा मीच सरकवलं.

ताईच्या लग्नाची गोष्ट तर आमच्या घरात अजून निघते. भोसले घाटाच्या मागे राहणारं एक स्थळ होतं. चांगली माणसं, मुलगा रेल्वेत. बाबांनी काकांना बरोबर नेलं. पोहे झाले, पत्रिकेचं बोलणं झालं, सगळं जुळत आलं. तेवढ्यात काकांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "जिना एकच का हो?"

मुलाच्या वडिलांना वाटलं, हे वाटणीबद्दल विचारतायत. ते म्हणाले, "एकच. आम्ही भाऊ अजून एकत्र आहोत."

"तसं नाही. रात्री खालचं दार कसं बंद करता? आतून कडी, की ताला?"

"ताला."

"आणि चाबी कुणाकडे?"

"आईकडे. उशाखाली."

काकांनी मान हलवली. "हे बरोबर नाही. वरच्या मजल्यावर झोपलेल्या सुनेला घाईत बाहेर पडायचं झालं तर तिने काय करायचं?"

मग आतून मुलाची आजी बाहेर आली आणि बाबांकडे बघून म्हणाली, "तुमच्या मुलीला रात्री बाहेर कशाला पडायचं असतं?"

स्थळ गेलं. बाबा बरेच दिवस समोरच्या घराकडे पाठ करून दात घासायचे. पुढे ताईला नागपूरचं स्थळ मिळालं, आणि तिच्या सासरच्या इमारतीला दोन जिने आहेत हे कळल्यावर काका आमच्याकडे पेढे घेऊन आले. बाबांनी पेढा घेतला, पण बसा म्हटलं नाही.

हे सगळं आलं कुठून, असं लोक विचारायचे. काही म्हणायचे, लहानपणी यांच्या डोळ्यांदेखत कुणी जळालं असेल. मीही तसंच समजून एकदा जरा हळव्या आवाजात विचारलं. काका माझ्याकडे बघत राहिले. "काही झालं नाही गं. ऑफिसात सर्क्युलर आलं होतं. मी वाचलं. बाकी कुणी वाचलं नाही, एवढाच फरक."

झालं होतं ते असं. वरून हुकूम आला की प्रत्येक कार्यालयात अग्निसुरक्षेची जबाबदारी एका कर्मचाऱ्याकडे द्यावी. पगारात काही वाढ नाही, काम जास्तीचं. आमचे साहेब त्रिपाठीजी यांचं आणि काकांचं तेव्हा कशावरून तरी बिनसलेलं होतं. त्यांनी शिक्षा म्हणून ते काम काकांच्या गळ्यात घातलं. ही आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं त्रिपाठीजी नंतर स्वतःच म्हणायचे.

आमचं ऑफिस लहुराबीरच्या चौरस्त्यामागे एका भाड्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. खाली गोदाम. पुढे रुंद जिना, त्यावर पाटी, कुंड्या, येणारे-जाणारे. मागे दुसरा जिना होता, अरुंद, काळोखा, मागच्या गल्लीत उतरणारा. मी नोकरीला लागले तेव्हा त्या जिन्यावर मोडक्या खुर्च्या, रद्दीचे गठ्ठे आणि निवडणुकीच्या ड्यूटीचे जुने पत्र्याचे डबे रचलेले होते. वरच्या दाराला ताला, खालच्या दाराला ताला, आणि चाब्या रामलखनकडे. रामलखन जेवायला घरी गेला की चाब्याही त्याच्याबरोबर जेवायला जायच्या.

काकांनी या जिन्यासाठी जे केलं ते सांगायला बसले तर मलाच दम लागतो. खुर्च्या हलवायला त्रिपाठीजींची सही हवी. सही झाली तर खुर्च्या मोडीत काढायला वेगळी कमिटी हवी. कमिटी बसली तर तिने खुर्च्या तपासायच्या म्हणून पुन्हा जिन्यावरच ठेवल्या. काका रोज सकाळी छत्री आडवी धरून जिना उतरायचे. छत्री कुठेही अडता कामा नये, हा त्यांचा हिशेब. अडली की तिथेच उभे राहून, "रामलखन," अशी हाक. रामलखन म्हणायचा, "बाबू, ई सीढ़ी से जाता कौन है?" काका म्हणायचे, "कोई नहीं जाता, इसीलिए तो कह रहा हूँ."

ताल्याच्या जागी आतून उघडणारी साधी कडी बसली. मग काकांच्या लक्षात आलं की खालचं दार आत उघडतं. घाईत माणसं दारावर येऊन दाटली तर आत उघडणारं दार उघडेल कसं? बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारं करून घ्यायला एक उन्हाळा आणि एक हिवाळा गेला. ज्या दिवशी ते बसलं त्या दिवशी काकांनी आम्हा सगळ्यांना पेरू वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडेना. बाहेर गल्लीतला सांड दाराला पाठ लावून बसला होता.

हा सांड त्या गल्लीचा जुना रहिवासी. दार पूर्वी बाहेर उघडतच नव्हतं, त्यामुळे ती त्याची हक्काची जागा. बनारसमध्ये सांडाला कोण उठवणार? काकांनी छत्रीने ढोसून पाहिलं, पाणी टाकून पाहिलं. शेवटी काकूंकडून रोज पोळी-गूळ बांधून आणायला लागले आणि चार घरं पलीकडे, एका मिठाईवाल्याच्या ओट्यासमोर, सांडाला खाऊ घालायला लागले. सांड तिकडे बसायला लागला. मग मिठाईवाला भांडायला आला. त्याचं गिऱ्हाईक मागे फिरत होतं. काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपकी दुकान में पीछे से रास्ता है?" मिठाईवाला पुन्हा आला नाही.

भिंतीवर त्यांनी चमकणाऱ्या रंगाने बाण काढून घेतले. लोकांनी त्यावर पानाच्या पिचकाऱ्या मारल्या. त्रिपाठीजी म्हणाले, देवांची चित्रं असलेल्या फरश्या लावून टाका, कुणी थुंकणार नाही. काका म्हणाले, "फरश्या लावल्या की उद्या फूल येईल, परवा अगरबत्ती येईल, आणि मग आग मलाच लागेल." ते स्वतः ओल्या फडक्याने रोज बाण पुसत राहिले. मला हे बघून कधी कधी लाज वाटायची. समोरच्या घरातले काका, त्यात आमचे हेडक्लार्क, आणि भिंतीवरची थुंकी पुसतायत. मी एकदा म्हटलं, "काका, सोडा ना. कुणाला पडलीय?"

"कुणाला नाही पडली, हेच तर बेकार आहे," ते म्हणाले आणि पुसत राहिले.

आणि त्यांची ती कवायत. घंटा वाजली की सगळ्यांनी हातातलं काम टाकून मागच्या जिन्याने गल्लीत उतरायचं, अशी त्यांची साधी अपेक्षा. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा अर्ध्या लोकांनी विचारलं, "छुट्टी हो गई?" मग सगळ्यांनी ड्रॉवर बंद केले, डबे पिशवीत भरले, चष्मे डबीत ठेवले आणि शांतपणे पुढच्या जिन्याने चहाला गेले. मागच्या गल्लीत काका हातात घड्याळ घेऊन एकटे उभे होते. नंतरही त्यांनी प्रयत्न केले. दर वेळी तेच. काका घड्याळ खिशात ठेवायचे आणि वर येऊन फायलीत डोकं घालायचे. त्या दिवशी त्यांच्याकडून कुठलीच सही मिळायची नाही.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आले. तो थाट काय सांगावा. मागच्या बाजूची मोठी खोली रिकामी करून तिला खोटं छत, गालिचा आणि एसी बसवला. पुढच्या अंगाला काचेचं दार, ते फक्त साहेबांसाठी आणि पाहुण्यांसाठी. आम्ही ऑपरेटर मुली-माणसं बाजूच्या बोळकंडीतून वळसा घालून मागच्या जिन्याच्या माथ्यावरच्या छोट्या चौकात यायचो आणि तिथल्या दाराने आत जायचो. उद्घाटनाला त्रिपाठीजींनी नारळ फोडला, मॉनिटरला कुंकू लावलं, आणि सांगितलं की आत कुणीही चपला घालून येणार नाही, आणि काचेच्या दाराशी पादत्राण दिसणार नाही; साहेब-पाहुण्यांचे बूटही रामलखन मागच्या दाराशी नेऊन ठेवेल. धूळ गेली तर मशीन बिघडेल.

त्या काळात सगळीकडेच ही पद्धत होती. देवळात काढाव्यात तशा आम्ही कॉम्प्युटरसाठी चपला काढायचो. आणि गंमत म्हणजे या नियमाला काकांचा पूर्ण पाठिंबा होता. त्यांना स्वच्छतेचं सोवळं फार. चपला दारात पसरतात, पाय अडकतो, म्हणून त्यांनीच खटपट करून लाकडी रॅक बनवून घेतला आणि मागच्या जिन्याच्या वरच्या चौकात, दाराशेजारी, भिंतीला लावून ठेवला. छत्री आडवी धरून पाहिली. अडली नाही. काका खूश झाले.

मे महिना होता. बाहेर लूच्या झळा चाललेल्या. दुपारी वीज गेली होती, ती परत आली, आणि काचेच्या दाराजवळच्या एसीच्या स्टॅबिलायझरमधून फट्‌ असा आवाज झाला. आम्हाला वाटलं, नेहमीचंच. मग वास आला. मग खोट्या छतातून काळा धूर खाली यायला लागला. तो इतक्या वेगाने आला की शांतिजी, माझ्या शेजारी बसणाऱ्या मिश्रा बाई, वाक्य अर्धं बोलून थांबल्या. काचेचं दार दिसेनासं झालं. बोळकंडीही त्याच बाजूने सुरू व्हायची, तिच्यातही धूर भरला. उरलं एक मागचं दार.

ते उघडं होतं. ताला नव्हता, चाबी शोधायची नव्हती, वाटेत खुर्च्या नव्हत्या. आम्ही त्यातून बाहेर पडलो आणि तिथेच थांबलो.

आज हे सांगताना मला स्वतःचीच चीड येते, पण झालं ते असं. चौकात आलो आणि आम्ही सगळे खाली वाकून आपापल्या चपला शोधायला लागलो. मागे धूर, पुढे मोकळा जिना, आणि मध्ये आम्ही. कुणी दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून काढतोय. कुणाची एक सापडली, एक नाही. शांतिजींच्या सॅंडल नव्या होत्या, त्यांच्या मुलाने कानपूरहून आणलेल्या. "अरे, हमारा दूसरा कहाँ गया," म्हणत त्या रॅकच्या खाली हात घालून चाचपत होत्या. अनवाणी गल्लीत उतरायचं हे आमच्या कुणाच्या मनातच आलं नाही. बनारसच्या गल्लीत अनवाणी कोण उतरतं? दारातून मागची माणसं ढकलत होती आणि खोकत होती.

सप्रेकाका खालून जिना चढून आले. त्यांना खाली गोदामाजवळ वास आला होता. हातात छत्री, खांद्याला झोळी. ते शेवटच्या पायरीवर थांबले आणि आमच्याकडे पाहत राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला. इतकी वर्षं ज्या जिन्यासाठी हा माणूस झगडला, तो जिना समोर रिकामा होता आणि त्याच्या तोंडाशी आम्ही रॅकमध्ये डोकी घालून उभे होतो. दुसरा कुणी असता तर ओरडला असता.

काका ओरडले नाहीत. त्यांनी छत्री काखेत धरली, रॅकमधून दोन्ही हातांनी चपलांचा एक भारा उचलला आणि चौकातल्या खिडकीतून खाली गल्लीत फेकून दिला. मग दुसरा भारा. मग खालचे बूट छत्रीने ओढून तेही. शांतिजींच्या हातात जी एक सॅंडल होती ती त्यांनी हळूच काढून घेतली आणि तीही टाकली. मग फायलीबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले, "चप्पल नीचे है. नीचे चलिए."

आणि आम्ही गेलो. आपल्या चपलांच्या मागे सगळे सरळ खाली उतरलो. कुणी कुणाला ढकललं नाही. बाहेर उघडणारं दार बाहेर उघडलं, आणि लूमध्ये, भर उन्हात, तापलेल्या फरसबंदीवर आम्ही एका पायावर नाचत चपला शोधायला लागलो. तेव्हा वर खोटं छत कोसळल्याचा आवाज आला. शांतिजी गटाराच्या काठावर बसल्या आणि रडायला लागल्या. खाली सापडलेली एक सॅंडल त्यांच्या हातात होती.

तो जिना बंद असता तर आमचं काय झालं असतं हे मला माहीत आहे. मी इथे हे लिहीत बसले नसते. अग्निशमनची गाडी गल्लीत शिरू शकली नाही. आग विझवली ती रामलखनने आणि मिठाईवाल्याच्या माणसांनी, काकांनी भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्यांनी. त्या बादल्यांतून काका रोज विड्यांची थोटकं वेचून टाकायचे, आणि आम्ही हसायचो.

आता कुणालाही वाटेल की काकांचा सत्कार झाला असेल. काकांना मेमो मिळाला. पाहणीला आलेले एक मोठे साहेब त्या दिवशी आत होते, आणि त्यांचा एक बूट खिडकीतून थेट गटारात गेला होता. कर्मचाऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची पादत्राणे परवानगीशिवाय बाहेर फेकण्याचे कारण लेखी कळवावे, असं त्यात होतं. मी तो वाचून संतापले. घरी बाबाही संतापले. ताईचं स्थळ मोडल्यापासून पहिल्यांदाच ते स्वतः उठून समोरच्या घरी गेले.

मी पाठोपाठ गेले. काका पलंगावर बसले होते. मेमो उशाशी पडला होता, पण त्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

"सप्रे, तुम्ही याला बिलकुल उत्तर देऊ नका," बाबा म्हणाले.

"उत्तर दिलं. लिहिलं, आग विझल्यावर परवानगी घ्यायला विसरलो." मग ते माझ्याकडे वळले. "रॅक मीच ठेवला होता गं."

"काका, सर्क्युलरमध्ये चपलांचं काही नव्हतं."

"नव्हतं. लिहिणाऱ्याने बनारस कुठे पाहिलंय? मी तर पाहिलंय ना. जन्मापासून पाहिलंय. माणूस चप्पल सोडून जाणार नाही, हे मला कळायला नको होतं?" त्यांचा आवाज फुटला. "छत्री अडत नाही म्हणून खूश झालो मी. माणसं अडतील हे बघितलंच नाही."

काकूंनी चहा आणला. बाबांनी बशी स्वतः त्यांच्या हातात दिली. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि इतक्या वर्षांच्या वैतागाबद्दल त्यांना काहीतरी सांगावं असंही वाटलं. सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी पिशवी वाटेत आहे म्हणून मला सगळ्यांसमोर झापलं, त्यामुळे ते राहूनच गेलं.

रॅक त्यांनी स्वतः उचलून खाली गोदामात टाकला. खोली दुरुस्त झाली, नवे कॉम्प्युटर आले, नवा नारळ फुटला, आणि चपला काढायचा नियमही परत आला. काका म्हणाले, चपला पिशवीत घालून आत घेऊन जा. लोकांनी आठवडाभर नेल्या. मग चपला पुन्हा चौकात यायला लागल्या, आता रॅक नसल्यामुळे ढिगाने. काका रोज ओरडायचे. त्यांनी पुन्हा घंटा वाजवून पाहिली. इतकं होऊनही लोक उठले, ड्रॉवर लावले, आणि पुढच्या जिन्याने चहाला गेले. "आग लगेगी तो देख लेंगे, सप्रे बाबू. आप तो हैं ही," असं कुणीतरी म्हणालं. तेही कौतुकाने.

पण ते कायमचे थोडेच असणार होते? त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. दिवस उकाड्याचे, म्हणून निरोप समारंभ एसी असलेल्या कॉम्प्युटरच्या खोलीतच ठेवला. सगळं ऑफिस जमलं. चौकात चपलांचा असा ढीग झाला की दार पूर्ण उघडेना. मी काकांकडे पाहिलं. ते त्या ढिगाकडे पाहत होते, पण काही बोलले नाहीत. मला वाटलं, आज सोडून दिलं असेल.

झेंडूचा हार झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. त्रिपाठीजींनी भाषण केलं. त्या आगीबद्दल ते फार छान बोलले, मेमोबद्दल बोलले नाहीत. सप्रे बाबू म्हणजे या कार्यालयाचे प्राण, वगैरे. काका दाराजवळच्या खुर्चीवर, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या जागी बसले होते. शांतिजी गाणं म्हणत होत्या तेव्हा मी मागे वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. बाथरूमला गेले असतील असं सगळ्यांना वाटलं. गाणं संपलं, समोसे वाटले गेले, काका आले नाहीत. फोटोवाला पुढच्या जिन्याखाली, पाटीजवळ, सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यायला थांबला होता. त्रिपाठीजी म्हणाले, "चलिए, वे नीचे ही होंगे."

चपला घालायला आम्ही मागच्या दाराने चौकात आलो. चौक रिकामा होता. एकही चप्पल नव्हती.

मग दिसलं. चपला जिन्यावर होत्या. प्रत्येक पायरीवर, दोन्ही कडांना, जोडीने लावलेल्या. टाचा आमच्याकडे, टोकं खाली गल्लीकडे. मधली वाट छत्री आडवी जाईल इतकी मोकळी. ज्याची त्याची चप्पल कुठल्या तरी पायरीवर होती, आणि त्रिपाठीजींचे बूट सर्वांत खाली, उघड्या दाराशी.

"ये किसने किया?" कुणीतरी कुरकुरलं. पण चप्पल तर घालायचीच होती. एकेक जण उतरायला लागला. आपली जोडी मिळाली की पाय घालायचा, मागून माणसं येतायत म्हणून थांबायचं नाही, तसंच खाली जायचं. शांतिजी उतरल्या, रामलखन उतरला. त्रिपाठीजी मोज्यांवर उतरले आणि दारात बूट चढवून गल्लीत गेले. बघता बघता अख्खं ऑफिस मागच्या गल्लीत उभं होतं, आणि फोटोवाला पुढच्या बाजूला वाट बघत होता.

गल्लीत समोरच्या भिंतीला टेकून सप्रेकाका उभे होते. खांद्याला शाल, काखेत छत्री, गळ्यात हार आणि हातात घड्याळ. ते घड्याळाकडे पाहत होते. लोक त्यांच्याभोवती जमले, कुणी हसलं, कुणी वैतागलं. काकांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी सर्वांत शेवटी उतरले, तेव्हा त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं.

"वर कुणी राहिलं नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

इतक्या वर्षांच्या कवायतीत हा प्रश्न विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. मी मागे वळून जिना नीट पाहिला. पायऱ्या रिकाम्या होत्या.

"नाही काका. सगळे खाली आले."

"उशीर लागला," ते म्हणाले. "पण आले."

सांड पुन्हा दाराजवळ बसायला आला होता. काकांनी गळ्यातला झेंडूचा हार काढला, त्यातलं एक फूल तोडून त्याच्या तोंडापुढे धरलं आणि दोन पावलं मागे सरकले. सांड उठला. दुसरं फूल, आणखी दोन पावलं. त्रिपाठीजी हाका मारत होते, "सप्रे बाबू, फोटो," पण काकांनी मागे पाहिलं नाही. एकेक फूल देत ते गल्लीतून पुढे गेले, आणि सांड दार सोडून त्यांच्या मागोमाग वळणापर्यंत गेला.